कारणांसकट दिलेली माफी

१८९३ च्या जून महिन्यापर्यंत शिकागोतल्या तीन कैद्यांना सोडून द्यायला फारसा कुणाचा विरोध उरला नव्हता. सॅम्युएल फील्डन, मायकेल श्वाब आणि ऑस्कर नीबी हे तिघे हेमार्केटच्या बॉम्बखटल्यात शिक्षा होऊन इलिनॉय राज्यातल्या जोलिएटच्या तुरुंगात होते. सात वर्षं उलटली होती आणि शहराचा राग निवला होता. त्यांना माफी मिळावी म्हणून केलेल्या अर्जावर साठ हजारांच्या आसपास सह्या होत्या. कामगारांच्या तर होत्याच, पण बँकवाले, व्यापारी, वकील यांच्याही होत्या. ज्या ग्रँड ज्युरीने या लोकांवर आरोप ठेवले, तिच्यात बसलेला ई. एस. ड्रायर नावाचा बँकर आता स्वतः त्यांच्या सुटकेसाठी खटपट करत होता.

नव्या गव्हर्नरने चार ओळींचा हुकूम काढला असता, पुरेशी शिक्षा भोगून झाली आहे, आता दया दाखवतो, एवढंच लिहिलं असतं, तर वर्तमानपत्रांनी दोन दिवस कुरकुर केली असती आणि विषय मिटला असता. गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्डने २६ जून १८९३ रोजी माफी दिली, पण सोबत सुमारे अठरा हजार शब्दांचं एक निवेदन छापून काढलं. त्यात त्याने दयेचा आधारच घेतला नाही. ज्युरी हेरून बसवलेली होती, गुन्हा सिद्ध झाला नव्हता, न्यायाधीश पक्षपाती होता, म्हणून या तिघांना सोडणं माझं कर्तव्य आहे, असं त्याने पानापानांवर पुरावे देऊन मांडलं. त्या कारणांनी त्याची राजकीय कारकीर्द संपवली. आजही आल्टगेल्डचं नाव निघतं ते माफीपेक्षा त्या कारणांसाठीच.

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो थेट मतदारांनी निवडून दिलेला राज्याचा कारभारी असतो. सत्ता त्याची आणि जबाबदारीही त्याचीच. माफीचा हुकूम काढताना कुणाच्या सल्ल्याआड लपायची सोय आल्टगेल्डला नव्हती.

आल्टगेल्डचा जन्म ३० डिसेंबर १८४७ चा, जर्मनीतल्या नासाऊ संस्थानातल्या नीडरझेल्टर्स गावचा. तो तान्हा असतानाच आईबाप अमेरिकेत आले आणि ओहायोत मॅन्सफील्डजवळ शेती करू लागले. बाप गाड्या बनवणारा कारागीर, स्वतः निरक्षर, स्वभावाने कडक. पोराने शेतात राबावं, पुस्तकांत वेळ घालवू नये, असा त्याचा खाक्या. सोळा वर्षांचा असताना पोरगा यादवी युद्धात शंभर दिवसांच्या पलटणीत भरती झाला. भरतीचे शंभर डॉलर मिळाले, त्यांतले नव्वद बापाने ठेवून घेतले. व्हर्जिनियातल्या दलदलीत त्याला ताप जडला आणि तो पुढे जन्मभर उलटत राहिला.

युद्धावरून परतल्यावर बापाच्या मनाविरुद्ध तो शिकला, काही काळ शाळेत मास्तरकी केली. एमा फोर्ड नावाच्या मुलीवर त्याचं मन बसलं होतं, पण तिच्या बापाने नकार दिला. १८६९ मध्ये तो घर सोडून पश्चिमेकडे निघाला, बराचसा पायी. आर्कान्सात रेल्वेमार्गाच्या कामावर मजुरी केली, तिथे तापाने पुन्हा गाठलं, आणि खंगलेल्या अवस्थेत तो मिझुरी राज्यातल्या सव्हाना या गावी पोचला. त्याच गावाने त्याला उभं केलं. शेतावर काम, शाळेत शिकवणं आणि रात्री कायद्याची पुस्तकं, असं करत तो १८७१ मध्ये वकील झाला. तीन वर्षांनी शेतकऱ्यांच्या ग्रेंजर चळवळीच्या पाठिंब्यावर तो काउंटीचा सरकारी वकील म्हणून निवडून आला. वर्षभरात ते पद सोडून १८७५ मध्ये तो शिकागोला गेला तेव्हा खिशात जेमतेम शंभर डॉलर होते. दोन वर्षांनी ओहायोला जाऊन त्याने एमाशीच लग्न केलं.

शिकागो तेव्हा १८७१ च्या आगीतून उठून फोफावत होतं. आल्टगेल्डने जमिनी घेतल्या, इमारती बांधल्या, विकल्या आणि पंधरा वर्षांत तो लक्षाधीश झाला. हा तपशील महत्त्वाचा आहे. पुढे ज्याला वर्तमानपत्रांनी अराजकवादी म्हणून हिणवलं, तो माणूस शहराच्या मध्यवस्तीत सोळा मजली युनिटी बिल्डिंग बांधणारा मालमत्तेचा धनी होता. खाजगी मालकी, करार, कायदा यांवर त्याची श्रद्धा होती. कायद्यावर इतकी श्रद्धा असलेल्या माणसालाच कायद्याच्या नावाखाली झालेली लबाडी सहन झाली नाही, असं मला वाटतं.

श्रीमंत होत असताना १८८४ मध्ये त्याने एक लहानसं पुस्तक लिहिलं, ‘आपली शिक्षायंत्रणा आणि तिचे बळी’ अशा अर्थाच्या नावाचं. तुरुंगात येणारी बहुतेक माणसं गरिबीतून, उद्ध्वस्त घरांतून आलेली असतात. किरकोळ दंड भरायला पैसे नाहीत म्हणून डांबली जातात आणि येताना होती त्यापेक्षा वाईट होऊन बाहेर पडतात, असं त्यात त्याने मांडलं. पुस्तकाच्या प्रती त्याने स्वखर्चाने न्यायाधीशांना, वकिलांना, पाद्र्यांना वाटल्या. त्यांतली एक ओहायोतल्या एका छोट्या गावच्या तरुण वकिलाच्या हाती पडली. वाचून तो इतका हलला की १८८७ मध्ये गाशा गुंडाळून शिकागोला आला आणि आल्टगेल्डला जाऊन भेटला. त्या तरुणाचं नाव क्लॅरेन्स डॅरो. पुढे तो अमेरिकेतला सर्वांत गाजलेला फौजदारी वकील झाला आणि आल्टगेल्डचा अखेरपर्यंतचा मित्र राहिला.

आता हेमार्केटकडे वळलं पाहिजे.

१ मे १८८६ या दिवशी अमेरिकेभर तीन लाखांच्या आसपास कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम थांबवलं. सर्वांत मोठा जोर शिकागोत होता. ३ मेला मॅकॉर्मिकच्या शेती-अवजारांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला आणि कामगार मारले गेले. त्याच्या निषेधाची सभा ४ मेच्या संध्याकाळी हेमार्केट चौकाजवळ, डेसप्लेन्स रस्त्यावर भरली. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः गर्दीत उभा राहून भाषणं ऐकत होता. सगळं शांत आहे, जादा पोलीस घरी पाठवा, असं जवळच्या चौकीत सांगून तो निघून गेला. पाऊस येण्याची चिन्हं होती, लोक पांगत होते, दोनेकशे जण उरले होते. फील्डन गाडीवर उभा राहून भाषण आटपत होता. इतक्यात पोलीस अधिकारी जॉन बॉनफील्ड पावणेदोनशेच्या आसपास शिपाई घेऊन आला आणि सभा मोडायचा हुकूम झाला. कुणीतरी बॉम्ब फेकला. मॅथायस डीगन हा शिपाई जागीच गेला. मग अंधारात पोलिसांनी अंदाधुंद गोळ्या झाडल्या. एकूण सात पोलीस आणि किमान चार नागरिक दगावले.

बॉम्ब कुणी फेकला ते आजतागायत ठरलेलं नाही.

तरी आठ जणांवर खुनाचा खटला उभा राहिला: ऑगस्ट स्पाइस, अल्बर्ट पार्सन्स, अडॉल्फ फिशर, जॉर्ज एंगल, लुई लिंग, फील्डन, श्वाब आणि नीबी. आठांतले पाच जर्मन स्थलांतरित. पार्सन्स अमेरिकन होता आणि पोलिसांना सापडलाही नव्हता. खटल्याच्या पहिल्या दिवशी तो आपणहून कोर्टात चालत येऊन साथीदारांच्या शेजारी बसला. न्यायाधीश जोसेफ गॅरी, सरकारी वकील ज्युलियस ग्रिनेल. ज्युरी निवडायला तीन आठवडे लागले आणि ९८१ जणांना प्रश्न विचारले गेले. बॉम्ब फेकणारा कोण हे सांगता येत नसलं, तरी आरोपींच्या भाषणांनी आणि लेखांनी त्याला चिथावलं असेल तर ते खुनी ठरतात, असं गॅरीने ज्युरीला समजावलं. २० ऑगस्टला निकाल लागला. सात जणांना फाशी, नीबीला पंधरा वर्षं.

तेव्हाचा गव्हर्नर रिचर्ड ओगल्सबी फाशीच्या बाजूचा नव्हता. पण शिक्षा कमी करायची तर कैद्याने तसा लेखी अर्ज केला पाहिजे, अशी त्याची अट होती. फील्डन आणि श्वाब यांना जन्मठेप मिळाली. जो गुन्हा केला नाही त्याबद्दल दया मागणार नाही, म्हणून पार्सन्स अडून बसला. लिंगने फाशीच्या आदल्या दिवशी कोठडीत स्फोटकाची नळी तोंडात फोडून जीव दिला. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी उरलेले चौघे फासावर गेले. त्यांच्या आठवणीसह आठ तासांच्या मागणीने युरोप गाठला. १८८९ च्या पॅरिसच्या समाजवादी परिषदेने १ मे हा जगभरच्या कामगारांच्या निदर्शनांचा दिवस ठरवला. आपल्याकडे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं आणि एकाच तारखेला दोन दिन आले. त्यातल्या कामगार दिनाची मुळं शिकागोच्या या चौकापर्यंत जातात.

फाशीच्या वेळी आल्टगेल्ड कुक काउंटीच्या सुपिरियर कोर्टात न्यायाधीश होता. तेव्हा त्याने जाहीर निषेध केला नव्हता. त्याच्या चाहत्यांना ही गोष्ट अवघड वाटते, पण झाकण्याचं कारण नाही. खटल्याचे कागद समोर आले आणि निर्णयाचा अधिकार हातात आला तेव्हा तो कसा वागला, ते पाहायला हवं.

१८९२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्याला गव्हर्नरपदासाठी उभं केलं. यादवी युद्धानंतर इलिनॉयमध्ये त्या पक्षाचा एकही गव्हर्नर झाला नव्हता, आणि परदेशात जन्मलेला तर कधीच नाही. आल्टगेल्डने राज्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन शेतकऱ्यांशी, खाणमजुरांशी बोलून प्रचार केला आणि तो निवडून आला. जानेवारी १८९३ मध्ये शपथविधीच्या दिवशी तो इतका आजारी होता की भाषणाची सुरुवात करून खाली बसला आणि बाकीचं दुसऱ्याला वाचून दाखवावं लागलं. हा माणूस कारकीर्द पुरी करतो की नाही, अशी शंका लोकांना आली.

डॅरो आणि इतर मित्र माफीसाठी घाई करत होते. आल्टगेल्ड उत्तर देईना. तो कागद वाचत होता: खटल्याचा आठ हजारांहून अधिक पानांचा वृत्तांत, शपथपत्रं, पोलीस अधिकाऱ्यांच्या मुलाखती. याच दरम्यान एप्रिलमध्ये न्यायाधीश गॅरीने एका मोठ्या मासिकात आपल्या निकालाचं समर्थन करणारा लांबलचक लेख लिहिला. निकालाला सहा वर्षं होऊन गेल्यावर न्यायाधीशाने मासिकातून स्वतःची वकिली करावी, हेच पुष्कळ बोलकं होतं.

निवेदनातली मांडणी वकिली थाटाची आहे, पण भाषा साधी. पहिला मुद्दा ज्युरीचा. नावं चिठ्ठ्या टाकून काढायच्या नेहमीच्या रिवाजाऐवजी एका खास बेलिफला बाहेरून माणसं गोळा करायला नेमलं होतं. हा खटला मी सांभाळतोय, हे लोक नक्की फासावर जाणार, मी अशीच माणसं बोलावतोय की आरोपींना त्यांना नाकारण्यात आपले हक्क खर्ची घालावे लागतील, असं तो बेलिफ बोलल्याचं एका व्यापाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं. दुसरा मुद्दा ज्युरीत बसलेल्यांचा. आरोपी दोषी आहेत असं आमचं आधीच मत झालंय, असं कित्येकांनी कबूल केलं, तरी गॅरीने त्यांना उलटसुलट प्रश्न विचारून पात्र ठरवलं होतं. तिसरा मुद्दा मुळावरचा: बॉम्ब फेकणारा माहीत नाही आणि त्याने आरोपींचं एखादं वाक्य कधी वाचलं किंवा ऐकलं याचा पुरावा नाही, मग त्यांनी त्याला चिथावलं हे ठरवलं कशावरून? चौथा नीबीचा. त्याच्याविरुद्ध पुरावाच नाही, असं सरकारी वकिलाने खटल्याच्या वेळीच आपल्यापाशी बोलून दाखवल्याचं महापौर हॅरिसन आणि महापालिकेच्या वकिलाने लिहून दिलं होतं. ग्रिनेलने ते नाकारलं.

पाचवा मुद्दा गॅरीच्या वागण्याचा. तिथे आल्टगेल्डचा आवाज चढतो. ज्युरीसमोर न्यायाधीशाने आरोपींविषयी काढलेले शेरे, सरकार पक्षाला दिलेली मोकळीक आणि बचाव पक्षावर घातलेली बंधनं, याची त्याने उजळणी केली. बॉनफील्डलाही सोडलं नाही. १८८५ च्या ट्राम कामगारांच्या संपात त्याच्या शिपायांनी रस्त्याने जाणाऱ्या निरपराध लोकांना दंडुक्यांनी झोडपलं होतं, त्याची साक्षीदारांसकट नोंद निवेदनात आहे. बॉम्ब कुणा कटवाल्याने टाकण्यापेक्षा, अशा मारहाणीचा सूड घेऊ पाहणाऱ्या एकट्या माणसाने टाकला असण्याचा संभव जास्त, असं त्याचं अनुमान.

माफीपत्रं तयार करायचं काम सचिवालयातल्या ब्रँड व्हिटलॉक या तरुण कारकुनाकडे आलं. कुणाला बोलायचं नाही, अशी ताकीद होती. त्याने ती स्वतःच्या हाताने लिहिली आणि घेऊन गेला. गव्हर्नरच्या खोलीत बँकर ड्रायर बसलेला होता. आरोपपत्रावर जिची मोहोर होती त्या ग्रँड ज्युरीतला हा माणूस आता सुटकेचे कागद जोलिएटला घेऊन जाणार होता. कागद हातात घेताच त्याचे हात कापू लागले, डोळे भरून आले आणि तो आभाराचं काहीतरी बोलू लागला. आल्टगेल्डने त्याला मध्येच थांबवलं आणि गाडी चुकेल, निघा, एवढंच सांगितलं. परिणामांची कल्पना त्याला नव्हती असं नाही. याने पक्षाचं नुकसान होईल, असं जवळच्यांनी बजावलं होतं. जे बरोबर आहे ते केलंच पाहिजे, हे त्याचं उत्तर होतं. माफीच्या आदल्याच दिवशी, २५ जूनला, शिकागोबाहेरच्या वॉल्डहाइम दफनभूमीत हेमार्केटच्या मृतांच्या स्मारकाचं अनावरण झालं होतं. आज त्या स्मारकावर आल्टगेल्डच्या निवेदनातला मजकूर धातूच्या पाटीवर कोरलेला आहे.

देशभरच्या वर्तमानपत्रांचा नुसता भडका उडाला. तो जन्माने अमेरिकन नाहीच, मनानेही नाही. तो बॉम्बवाल्यांचा साथीदार आहे. गॅरीने एका दिवाणी दाव्यात त्याच्याविरुद्ध मत दिलं होतं त्याचा हा सूड आहे. व्यंगचित्रांत त्याच्या हाती मशाल आणि खंजीर आले. काही ठिकाणी त्याचे पुतळे जाळले. माफी योग्यच होती, पण न्यायाधीशावर ताशेरे ओढायला नको होते, असं म्हणणाऱ्या सभ्य लोकांची संख्या मोठी होती. मला हा सभ्यपणा धोक्याचा वाटतो. ओगल्सबीने पार्सन्सकडे मागितलं तेच हे लोक आता आल्टगेल्डकडे मागत होते: सुटका होऊ दे, पण कोर्ट चुकलं असं म्हणू नका. तसं झालं असतं तर फाशी गेलेले चौघे कायमचे खुनी राहिले असते. तिघांच्या सुटकेचा हुकूम काढताना आल्टगेल्डने खरं तर सातही मृत्युदंड आणि नीबीची कैद नामंजूर केली होती.

हेमार्केटच्या गदारोळात त्याचं दुसरं काम झाकलं जातं. त्याच उन्हाळ्यात इलिनॉयमध्ये कारखाना तपासणीचा कायदा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला घ्यायची बंदी, बायकांना आठ तासांचा दिवस आणि भाड्याच्या खोल्यांतून चालणाऱ्या शिवणकामावर देखरेख, ही त्याची मुख्य कलमं. मुख्य तपासनीस म्हणून आल्टगेल्डने फ्लोरेन्स केली यांना नेमलं. त्या जेन अॅडम्स यांच्या हल हाउसमध्ये, स्थलांतरितांच्या वस्तीत राहत होत्या आणि शिवणकामगारांच्या खोल्या त्यांनी दारोदार फिरून पाहिलेल्या होत्या. हाताखाली अकरा माणसं, त्यांत बायकाही. १८९४ मध्ये शिकागोत देवीची साथ पसरली तेव्हा ज्या घरात रोगी निजले होते त्याच घरात बाजारासाठी कोट शिवले जात होते. केलीबाईंनी ते दाखवून देऊन कपडे नष्ट करायला लावले. सरकारी वकील मालकांवर खटले भरायला टाळाटाळ करतो, हे पाहून त्यांनी स्वतः कायद्याची पदवी घेतली. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं, करार करण्याच्या स्वातंत्र्यावर घाला येतो म्हणून. मुलांबाबतचं कलम टिकलं.

१८९३ च्या मंदीने पुढचा प्रसंग उभा केला. शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमनचं गाव होतं. रेल्वेचे आलिशान झोपण्याचे डबे बनवणारा कारखाना त्याचा, कामगारांची घरं त्याची, दुकानं त्याची, चर्चही त्याचं. मंदीत त्याने मजुरी चौथाईने आणि काहींची त्याहून जास्त कापली, पण घरभाडं एका सेंटनेही उतरवलं नाही. मे १८९४ मध्ये कामगारांनी संप केला. युजीन डेब्जच्या रेल्वे संघटनेने २६ जूनपासून पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार पुकारला आणि शिकागोतून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक ठप्प झाली. केंद्राचा कायदेमंत्री रिचर्ड ओल्नी स्वतः रेल्वे कंपन्यांचा वकील राहिलेला. त्याने टपाल अडतं या मुद्द्यावर कोर्टाकडून मनाई हुकूम मिळवला आणि राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंडने शिकागोत फौज उतरवली. गव्हर्नरला विचारलंही नाही.

क्लीव्हलंड आल्टगेल्डच्याच पक्षाचा. तरी ५ आणि ६ जुलैला आल्टगेल्डने त्याला लांबच लांब तारा केल्या. राज्याची मिलिशिया तयार आहे, मागणी आली तिथे मी ती ताबडतोब पाठवली आहे, शिकागोतून कुणी मागितलीच नाही. मग राज्यघटनेने ठरवलेला मार्ग ओलांडून सैन्य कशाला? गाड्या दंगलीमुळे अडल्या आहेत असं कंपन्या सांगतात, पण कित्येक ठिकाणी त्या अडल्यात त्या चालवायला माणसं मिळत नाहीत म्हणून, असं त्याने लिहिलं. क्लीव्हलंडचं उत्तर त्रोटक आणि कोरडं होतं. फौज आल्यावर दंगल वाढली, शेकडो डबे जळले, माणसं मेली. महापौराने मिलिशिया मागताच आल्टगेल्डने ती त्याच दिवशी दिली. संप मोडला, डेब्ज तुरुंगात गेला. पुढच्या वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने केंद्राच्या बाजूने निकाल दिला, आणि आल्टगेल्ड या वादातही हरला.

ऑगस्टमध्ये पुलमन गावातून गव्हर्नरकडे अर्ज आला, आम्ही उपाशी आहोत म्हणून. आल्टगेल्ड स्वतः गेला. घराघरांतून हिंडला. संप संपला होता, पण पुष्कळांना कामावर परत घेतलं नव्हतं. सहा हजारांच्या आसपास माणसं अन्नावाचून हाल काढतायत आणि त्यांत पाचांतले चार बायका-मुलं आहेत, असं त्याने पुलमनला पत्राने कळवलं. ऑक्टोबरपर्यंतचं भाडं सोडून द्या, काम थोडं थोडं सगळ्यांना वाटून द्या, असं सुचवलं. पुलमनने नकार दिला. मग आल्टगेल्डने शिकागोच्या लोकांना जाहीर आवाहन केलं आणि शहराने धान्य पाठवलं. हेमार्केटवरून त्याला शिव्या देणारी वर्तमानपत्रंही या वेळी मदतीला आली.

१८९५ मध्ये ट्रामसम्राट चार्ल्स यर्कीसने विधिमंडळाकडून आपल्या ट्रामच्या मक्त्यांची मुदत वाढवून देणारी विधेयकं मंजूर करून घेतली. आल्टगेल्डने नकाराधिकार वापरून ती परत पाठवली. मंदीने त्याचे स्वतःचे व्यवहार तेव्हा पार बसले होते, युनिटी बिल्डिंगचं कर्ज मानेवर होतं, आणि सही केली असती तर ते फिटलं असतं, असं शिकागोत उघड बोललं जाई.

१८९६ च्या जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन शिकागोतच भरलं. तिथे आल्टगेल्डचा शब्द सर्वांत वजनदार होता. पक्षाच्या जाहीरनाम्यात मनाई हुकमांनी चालणाऱ्या राज्यकारभाराचा आणि राज्यांच्या कामात केंद्राच्या ढवळाढवळीचा निषेध आला. म्हणजे स्वतःच्या पक्षाच्या विद्यमान राष्ट्राध्यक्षाविरुद्धच ठराव. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी विल्यम जेनिंग्ज ब्रायनला मिळाली. आल्टगेल्डला ती मिळणं शक्यच नव्हतं. परदेशात जन्मलेल्याला घटना ते दार उघडत नाही. न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचा अध्यक्ष असलेल्या थिओडोर रूझवेल्टने शिकागोला येऊन आल्टगेल्डवर जहरी भाषण केलं. नोव्हेंबरात ब्रायन पडला, आल्टगेल्डही जॉन टॅनरकडून हरला. इलिनॉयमध्ये आल्टगेल्डला ब्रायनपेक्षा सुमारे दहा हजार मतं जास्त पडली होती, याचा उल्लेख त्याला राक्षस ठरवणाऱ्यांनी सहसा केला नाही.

जानेवारी १८९७ च्या सत्तांतराच्या समारंभात मावळत्या गव्हर्नरने निरोपाचं भाषण करायचा रिवाज होता. आल्टगेल्डला ते करू दिलं नाही. टॅनरने त्याच वर्षी केलीबाईंना काढलं आणि त्यांच्या जागी नेमलेला माणूस, ज्या काचकारखान्यातल्या बालमजुरीवर त्या तुटून पडल्या होत्या, तिथलाच जुना नोकर होता. युनिटी बिल्डिंग आल्टगेल्डच्या हातून गेली. १८९९ मध्ये तो शिकागोच्या महापौरपदासाठी अपक्ष उभा राहिला आणि पडला. कफल्लक झालेल्या या माणसाला डॅरोने आपल्या वकिलीच्या कचेरीत भागीदार करून घेतलं.

११ मार्च १९०२ च्या रात्री जोलिएटमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या बाजूने सभा होती. आल्टगेल्ड बोलला आणि भाषण संपता संपता कोसळला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्याचं शव ठेवलं तेव्हा हजारो माणसं रांग लावून दर्शन घेऊन गेली. अंत्यविधीच्या वेळी डॅरो आणि जेन अॅडम्स यांनी भाषणं केली.

फ्लोरेन्स केली गप्प बसल्या नव्हत्या. १८९९ मध्ये त्या न्यूयॉर्कला राष्ट्रीय ग्राहक संघाच्या सरचिटणीस झाल्या. १९०८ मध्ये ओरेगॉन राज्याच्या दहा तासांच्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयात खटला आला, तेव्हा त्या संघाने लुई ब्रँडाइस या वकिलाला उभं केलं आणि कामाचे तास व तब्येत यांच्यावर आकड्यांचा मोठा दस्तऐवज कोर्टापुढे ठेवला. कायदा टिकला. दोन वर्षांनी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानेही बायकांच्या दहा तासांच्या दिवसाला मान्यता दिली; पंधरा वर्षांपूर्वी आल्टगेल्डच्या काळातलं आठ तासांचं कलम खोडणारं कोर्ट तेच. १९१५ मध्ये कामगार दिनाच्या सुट्टीला शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये आल्टगेल्डचा पुतळा बसवला, रशमोर डोंगरावर पुढे चार राष्ट्राध्यक्ष कोरणाऱ्या गट्झन बॉर्गलमच्या हातचा. सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारची ती सुट्टी देशाला मिळाली होती १८९४ च्या जूनमध्ये, पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार सुरू असताना, आणि त्या कायद्यावर सही होती ग्रोव्हर क्लीव्हलंडची.